दहा मीटर नेमबाजी : मॅचसाठी मनाची तयारी कोणत्या क्रमाने करायची

एअर रायफलच्या सरावात साठ शॉटला ६२० गुण मारणारी मुलगी राज्य स्पर्धेत ६०८ वर येते आणि परतीच्या गाडीत सगळे एकमताने निदान करतात : टेन्शन घेतलं. मग पुढच्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी ध्यानाचं ॲप येतं, स्फूर्तिदायक भाषणं ऐकली जातात, 'मी जिंकणारच' असं आरशावर चिकटवलं जातं. स्पर्धेत पुन्हा ६०९.

यात दोन चुका आहेत. एक, मनाची तयारी मॅचच्या आठवड्यात सुरू होते. ती किमान बारा आठवडे आधी सुरू व्हायला हवी, रोजच्या सरावाच्या आत, वेगळा तास लावून नव्हे. दुसरी चूक क्रमाची. लोक डोळे मिटून पदक बघण्यापासून सुरुवात करतात, पण आपला शॉट नेमका कोणत्या पायऱ्यांनी सुटतो हे विचारलं तर सांगता येत नाही. ज्याचा शॉट कागदावर नाही, तो मनात काय बघणार?

हा लेख एअर रायफल आणि एअर पिस्तूल मारणाऱ्यांसाठी आहे, जिल्हा स्पर्धेपासून मावळंकर (नॅशनल्सआधीची अखिल भारतीय स्पर्धा) आणि नॅशनल्सपर्यंत. सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे : धडधड थांबवण्याच्या मागे लागायचं नाही, धडधड चालू असताना काय करायचं ते पक्कं करायचं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ घेतलं. त्या सकाळी नुसता काळा चहा घेतला होता आणि पोटात कालवाकालव होत होती, असं त्याने नंतर पत्रकारांना सांगितलं. म्हणजे घाबरगुंडी त्यालाही होती. (उपाशीपोटी मॅच मारायचा भाग मात्र उचलू नका.)

## सुरुवातीआधीची तयारी

फार काही लागत नाही. दोनशे पानी वही, सेकंद दाखवणारं घड्याळ, आणि कोचशी एक स्पष्ट बोलणं : पुढचे बारा आठवडे काही दिवस स्कोअर न बघता सराव होईल, आणि आकडे थोडे घसरले तरी आरडाओरड होणार नाही. हेच बोलणं घरच्यांशीही करा. रेंजच्या दारात 'किती झाले?' हा पहिला प्रश्न येत असेल, तर पुढचं सगळं अर्धंच उपयोगी पडेल.

तंत्रातले बदल आधी संपवून घ्या. बट प्लेटची (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) जागा, पिस्तुलाची ग्रिप, नवं जॅकेट, हे सगळं पहिल्या महिन्यात. शेवटच्या तीन आठवड्यांत स्क्रूला हात लावायचा नाही.

सावधान : 'हात थरथरतो, एक गोळी घे, थांबेल' असा सल्ला रेंजवर कुणी ना कुणी देतंच. हृदयाचे ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या दिवशीही बंद आहेत आणि इतर दिवशीही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन्ही पदकं प्रोप्रानोलोलमुळे परत घेतली गेली. मायग्रेन किंवा रक्तदाबासाठी डॉक्टरांनीच असं औषध दिलं असेल, तर ते परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना खेळाची कल्पना द्या आणि डोपिंगचे नियम आधीच तपासून घ्या.

## टप्पा १ : दोन आठवडे फक्त नोंद

काहीही सुधारायला जाऊ नका. नुसतं लिहा. रोजच्या सरावातल्या वीस शॉटसाठी चार रकाने पुरेत : शॉट सुटल्याक्षणी मॉनिटर न बघता केलेला कॉल (शॉट कुठे लागला असेल याचा अंदाज), प्रत्यक्षात काय लागलं, बंदूक स्थिरावल्यापासून किती सेकंद धरली, आणि डोक्यात काय होतं.

चौथा रकाना लोक टाळतात, कारण त्यात काहीच्या काही निघतं. 'घाटात बस लागली तर', 'शेजारचीने नवीन जॅकेट घेतलंय', 'आता नऊ लागला तर सिरीज (दहा शॉटचा संच) गेली'. तसंच लिहा. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

सराव सुरू करण्याआधी आणखी एक आकडा लिहायचा : अंगातली खळबळ १ ते १० मध्ये किती. १ म्हणजे झोप येतेय, १० म्हणजे छातीतली धडधड जॅकेटवर जाणवतेय. दोन आठवड्यांनी हा आकडा आणि स्कोअर शेजारी ठेवून बघा. बऱ्याच जणांना वाटतं १ किंवा २ वर सर्वांत चांगलं होत असेल. वही वेगळंच सांगते. कुणाचा हात ४ वर छान बसतो, कुणाचा ६ वर. तुमचा आकडा तुमचाच, मैत्रिणीचा उसना घेता येत नाही.

तपासणी : पुढे जाण्याआधी तीन वाक्यं पूर्ण करता आली पाहिजेत. 'माझे चांगले शॉट अमुक ते अमुक सेकंदांत सुटतात.' 'माझी खळबळ इतकी असते तेव्हा मी नीट मारते.' 'वाईट शॉटच्या आधी डोक्यात बहुतेक वेळा हे असतं.' एकही अपुरं राहिलं तर अजून एक आठवडा नोंद करा.

## टप्पा २ : आपला शॉट लिहून काढणं

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा टप्पा हाच. पेलेट (छर्रा) उचलल्यापासून बंदूक पुन्हा टेबलावर येईपर्यंत काय काय होतं ते क्रमाने, आठ-दहा ओळींत. रायफलवाल्या एका मुलीच्या वहीतलं हे पान बघा :

१. पेलेट भरताना नजर टेबलावर. आपला लेन नंबर वाचायचा.
२. बंदूक खांद्याला, गाल चीकपीसवर (गाल टेकायची पट्टी). जॅकेट सैल सोडायचं, दोन श्वास.
३. डोळे मिटून एक श्वास. उघडल्यावर रिंग (पुढच्या साइटमधलं गोल) लक्ष्याच्या काळ्या ठिपक्यावर नसेल तर पाय हलवायचा, हाताने ओढायचं नाही.
४. श्वास सोडत वरून खाली यायचं.
५. ट्रिगरची पहिली स्टेज, म्हणजे सुरुवातीचा हलका दाब.
६. श्वास आपोआप थांबतो तिथे थांबायचं. मनात 'रिंग'. दाब वाढवत न्यायचा.
७. सुटल्यावर दोन सेकंद तसंच उभं.
८. कॉल. मग मॉनिटर. मग बंदूक खाली.

पिस्तूलवाल्यांची तिसरी ओळ वेगळी असेल आणि सहाव्या ओळीत 'फ्रंट साइट' (नळीच्या टोकाकडची साइट) येईल. काहीही असो, वाक्यं कृतीची हवीत. 'एकाग्र व्हायचं' ही कृती नाही, 'फ्रंट साइटची वरची कड बघायची' ही आहे. 'घाई करायची नाही' यातून हाताला काहीच कळत नाही. 'दोन श्वास' यातून कळतं.

पहिल्या ओळीतला लेन नंबर गमतीने घातलेला नाही. अथेन्स, २००४. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये आघाडीवर होता आणि शेवटचा शॉट त्याने शेजारच्या लक्ष्यावर मारला. शून्य गुण, थेट आठवा. त्याचं तंत्र त्या सेकंदाला बिघडलं नव्हतं.

लिहून झाल्यावर हे पान ड्रायमध्ये घोटायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं, पेलेटशिवाय, सुरुवातीला प्रत्येक ओळ पुटपुटत. चार-पाच दिवसांनी पुटपुटणं आपोआप बंद होईल. ते बंद व्हावं म्हणूनच एवढं पुटपुटायचं.

सावधान : ड्राय फायरची सोय असलेल्याच बंदुकीवर ड्राय करा, नाहीतर आतली यंत्रणा खराब होते. घरी ड्राय करत असाल तर बंदूक रिकामी असल्याची खात्री दरवेळी करायची, पेलेट दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि भिंतीपलीकडे कोण आहे याचा विचार करायचा. काम झालं की सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) आत.

नेहमीची चूक : आंतरराष्ट्रीय नेमबाजाचा व्हिडिओ बघून त्याचा क्रम उचलणं. त्याची मान, त्याची उंची, त्याचा ट्रिगर वेगळा. तुमच्या वहीतले चांगले शॉट कसे गेले, तिथूनच ओळी काढा.

## टप्पा ३ : बंदूक खाली घेण्याचा सराव

सगळ्यांना हे माहीत असतं आणि मॅचमध्ये कुणी करत नाही. सरावानंतरचं एक नेहमीचं संभाषण :

'मॅडम, तो आठ गेला ना, तेव्हा होल्ड थांबतच नव्हता.'
'मग खाली का नाही घेतलीस?'
'इतका वेळ धरलीच होती... म्हटलं, आता मारूनच टाकू.'

'आता मारूनच टाकू' हे वाक्य तुमच्या वहीतही सापडेल. स्थिरावल्यापासून साधारण पाच ते आठ सेकंदांत बहुतेकांचा चांगला शॉट सुटतो. दहा-बारा सेकंदांनंतर डोळ्यासमोरचं चित्र गोठतं, रिंग सरकली तरी कळत नाही, आणि अंगाला हवा हवी असते. तेव्हा सुटलेला शॉट हा निर्णय नसतो, सुटका असते.

म्हणून खाली घेणं वेगळं शिकायचं. पहिला आठवडा : दर पाचवा शॉट, कितीही छान बसला असला तरी, ट्रिगर न दाबता खाली. जड जातं, चिडचिड होते, तेच हवं आहे. दुसरा आठवडा : कोच मागे उभे राहून मधेच 'खाली' म्हणतील, बोट ट्रिगरवर असलं तरी सोडायचं. तिसरा आठवडा : आपल्या वहीतल्या सेकंदांची मर्यादा घालायची आणि ती ओलांडली की खाली, कुणी सांगायची वाट न बघता.

खाली घेतल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात, मधूनच नाही. पेलेट आत आहे म्हणून पाचव्या ओळीवर उडी मारली की तोच बिघडलेला शॉट परत वर येतो.

कोचसाठी एक विनंती. सरावाच्या शेवटी टेन किती लागले हे विचारता, तसं 'किती वेळा खाली घेतलीस?' हेही विचारा. मुलांना कळतं की तुम्ही कशाची मोजदाद ठेवता.

## टप्पा ४ : श्वास आणि अंग

आता श्वास. लोक इथून सुरुवात करतात आणि दोन दिवसांत सोडून देतात, कारण तो कुठे बसवायचा ते ठाऊक नसतं. वर लिहिलेल्या पानावर त्याची जागा तयार आहे : दुसरी ओळ, आणि दोन शॉटच्या मधला वेळ.

रोज झोपण्याआधी आणि सरावाआधी पाच-पाच मिनिटं : नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. एक हात पोटावर ठेवा, पोट वर यायला हवं, खांदे नाही. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवला की ठोके हळू होत जातात. दोन आठवडे शांत जागी, मग जॅकेट घालून, मग जॅकेट घालून दोरीवरच्या पन्नास उड्या मारल्यानंतर. शेवटची पायरी गाळलीत तर मॅचमध्ये श्वास उपयोगी पडणार नाही, कारण मॅचमध्ये तुम्ही शांत जागी नसता.

अंग सैल करण्याचा व्यायाम रात्रीसाठी ठेवा : पायापासून वर, एकेक स्नायूंचा गट पाच सेकंद आवळायचा, मग सोडून द्यायचा. मॅचच्या अर्धा तास आधी हा करू नका. पोझिशनमध्ये स्नायूंचा जो ताण तुम्ही सरावात बसवला आहे तोच हवा. अंग फार सैल झालं की ग्रुप (शॉटचा पुंजका) सरकतो.

सावधान : घाबरल्यावर जोरजोरात खोल श्वास घेऊ नका. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेल्या बोटाला ट्रिगर समजत नाही.

## टप्पा ५ : स्वतःशी काय बोलायचं

एक शब्द, फार तर दोन. 'रिंग'. 'साइट'. 'दाब'. शब्द पुढच्या कृतीचा हवा. 'नऊ नको' म्हटलं की डोक्यात नऊच राहतो. 'तू करू शकतेस' हे वाक्य वाईट नाही, पण ट्रिगरवर बोट असताना त्याचं काही काम नसतं. ते सकाळी दात घासताना म्हणा.

शब्द मराठीत असो, इंग्रजीत असो, घरात बोलतात त्या बोलीत असो, जो पटकन येतो तो. तो सहाव्या ओळीत बसवा आणि बदलत बसू नका.

## टप्पा ६ : मनात शॉट मारणं

आता कुठे डोळे मिटायची वेळ आली. नियम तीनच.

वेळ खरा हवा. घड्याळ लावून मनात दहा शॉट मारा. रेंजवर दहा शॉटला अकरा मिनिटं लागत असतील आणि मनात चार मिनिटांत उरकत असतील, तर तुम्ही ओळी गाळताय. बहुतेक वेळा सातवी गळते.

चित्र आतून हवं. आपण उभे आहोत आणि समोर रिंग आहे असं. स्टँडमधून स्वतःकडे बघतोय असं नाही. गालाला चीकपीसचा गारवा, जॅकेटचा कडकपणा, पेलेटचा आवाज, हे आलं पाहिजे.

तिसरा नियम लोकांना पटत नाही : मनातही वाईट शॉट मारा. दहातला एक आठ मुद्दाम मारायचा, आणि त्यानंतरचा शॉट पहिल्या ओळीपासून मनात पूर्ण करायचा. ज्याने मनात फक्त १०.५ मारले, त्याला मॅचमधला पहिला ८.९ अनोळखी वाटतो.

पदक, राष्ट्रगीत, पेपरातला फोटो हे बघून बरं वाटत असेल तर खुशाल बघा. त्याला सराव म्हणू नका.

## टप्पा ७ : दडपण तयार करणं

आठव्या ते दहाव्या आठवड्याचं काम. तोपर्यंतचे टप्पे पक्के नसतील तर इथे येऊ नका. कच्च्या शॉटवर दडपण टाकलं की चुकाच पक्क्या होतात. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची :

- सुरुवात स्कोअर झाकण्यापासून. मॉनिटर फिरवून ठेवा किंवा कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारा. फक्त कॉल लिहा, शेवटी ताडून बघा.
- मग आवाज. फायनलमध्ये संगीत वाजतं, लोक ओरडतात, निवेदक बोलत असतो. ब्लूटूथ स्पीकरवर ढोल-ताशा लावून वीस शॉट मारा. नेहमी कानात गाणी घालून सराव करणाऱ्यांनी लक्षात घ्या, स्पर्धेत फायरिंग लाइनवर तशी साधनं चालत नाहीत.
- मग माणसं. मागे पाच-सहा जण उभे करा, शक्यतो ज्यांच्यासमोर चुकायची लाज वाटते असे.
- मग धडधड. दोरीवरच्या उड्या किंवा जिना, आणि एका मिनिटात पहिला शॉट.
- शेवटी एकच शॉट. दिवसातला पहिला, थंड, साइटर (मॅचआधीचे, गुणांत न धरले जाणारे शॉट) न मारता, सगळ्यांसमोर, कोचने मोठ्याने गुण सांगायचे. त्या दिवशी दुसरी संधी नाही.

शेवटचा प्रकार सर्वांत जास्त शिकवतो, असं माझं मत आहे. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन शेवटच्या शॉटआधी बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारला, हॅकिनेनचा ९.७ गेला आणि तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला. एका शॉटची सवय आधी केलेली असावी ती यासाठी.

नेहमीची चूक : दडपण म्हणजे अपमान, असा समज. 'असं मारलंस तर बॅग भर आणि घरी जा' याने मुलं रेंजला घाबरायला लागतात, मॅचला सरावत नाहीत.

## टप्पा ८ : पंचाहत्तर मिनिटांची योजना

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटसाठी ७५ मिनिटं असतात, त्याआधी तयारी आणि साइटर्सची १५. म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. तुमचा सरासरी शॉट ५५ सेकंदांचा असेल तर ६० शॉटला ५५ मिनिटं लागतात आणि २० मिनिटं हातात उरतात. ही २० मिनिटं तुमची आहेत. खाली घेण्यासाठी, बसण्यासाठी, घोटभर पाण्यासाठी. पण बहुतेक जण पन्नासाव्या मिनिटाला मॅच संपवून मोकळे होतात, कारण धडधड सहन होत नाही आणि लवकर संपवावंसं वाटतं.

कागदावर आखून ठेवा. साइटर्समध्ये किती शॉट आणि शेवटचा कधी. पहिली सिरीज मुद्दाम संथ. तिसऱ्या सिरीजनंतर खुर्चीवर तीन मिनिटं, जमलं असो वा नसो. शेवटच्या दहा शॉटसाठी किमान पंधरा मिनिटं शिल्लक. वेळ संपायला दहा आणि पाच मिनिटं असताना रेंजवर पुकारा होतो. तो आवाज सरावातही काढायला लावा, नाहीतर ऐकताच बोट घाई करतं. फायनलची रचना आणि वेळ मधून मधून बदलते, तेव्हा तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक बघूनच आखणी करा.

याच कागदाच्या मागे 'जर-तर'ची यादी. प्रत्येक 'तर'पुढे कृती :

- जर साइटर्समध्येच ग्रुप बाहेर असेल, तर आधी पाय तपासायचे, मग साइट.
- जर आठ लागला, तर बंदूक टेबलावर, दोन लांब श्वास, पहिली ओळ.
- जर सलग तीन टेन लागले, तर तेच. (हसू नका. बेरीज करायचा मोह तेव्हाच होतो.)
- जर शेजारचा संपवून निघाला, तर घड्याळ बघायचं, त्याच्याकडे नाही.
- जर बंदूक किंवा टार्गेट बिघडलं, तर बंदुकीचं तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून हात वर, रेंज ऑफिसरला बोलवायचं. स्वतः खटपट करत बसायचं नाही.

टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात दहा मीटर क्वालिफिकेशनच्या मधेच बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि फायनल थोडक्यात हुकली. पॅरिसमध्ये तिनेच दोन ब्राँझ घेतली. बिघाड कुणाचाही होतो. त्यासाठी मनात आधीच एक जागा हवी.

तपासणी : हा कागद घेऊन किमान तीन पूर्ण सराव मॅच मारा, पंधरा अधिक पंचाहत्तर मिनिटं, स्पर्धेच्याच वेळेला. सकाळी साडेआठची डिटेल (एका वेळी मारणाऱ्या नेमबाजांची तुकडी) असेल तर साडेआठलाच.

## टप्पा ९ : शेवटचा आठवडा आणि मॅचचा दिवस

नवीन काही नाही. ना नवा ध्यानाचा प्रकार, ना नवे बूट, ना नातेवाइकाने पाठवलेला आयुर्वेदिक काढा. त्यात काय आहे कुणास ठाऊक, आणि डोपिंगचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

बॅग दोन दिवस आधी यादीप्रमाणे भरा. बंदुकीचा हवेचा सिलिंडर भरलेला आणि मुदतीतला आहे ना? ॲलन की, जास्तीचे पेलेट, परवाना आणि ओळखपत्रं? इक्विपमेंट कंट्रोल (साहित्याची तपासणी) शक्य असेल तर आदल्या दिवशीच उरका. सकाळच्या रांगेत जॅकेटचा कडकपणा मोजताना मशीनचा काटा बघत जे हाल होतात, ते वर्षभराच्या श्वासाच्या सरावावर पाणी फिरवतात. हिवाळ्यात दिल्ली-भोपाळकडे जाणार असाल तर हातमोजे न्या. गारठलेल्या बोटाला ट्रिगरचा दाब कळत नाही आणि माणूस समजतो मन बिघडलं.

आदल्या रात्री झोप लागली नाही तर घड्याळ बघत कुढू नका. एका रात्रीने फारसं बिघडत नाही. त्याच्या आदल्या दोन रात्री नीट झोपा. रोज चहा-कॉफी घेत असाल तर त्या दिवशी एकदम तोडू नका, डोकं धरतं. घेत नसाल तर सुरू करू नका, हात थरथरतो. दीड-दोन तास आधी पोटभर नाही पण पुरेसं खा : पोहे, इडली, केळं, जे सरावाच्या मॅचआधी खाल्लं होतं तेच.

रेंजवर पोचल्यावर खळबळीचा आकडा लिहा. तुमच्या आकड्याहून जास्त असेल तर लांब श्वास सोडा. कमी असेल (होय, असंही होतं, विशेषतः दुपारच्या डिटेलला) तर जिना चढून या. मोबाइल बॅगेत. दुसऱ्या डिटेलचे स्कोअर कुणी सांगायला आलं तर हसून पुढे व्हा.

## टप्पा १० : मॅच चालू असताना

इथे नवीन सूचना जवळजवळ नाहीत, हीच याची खूण की आधीचं काम झालं आहे. पहिल्या मॅच शॉटला धडधड वाढेल. वाढू द्या, पहिली ओळ वाचा.

वाईट शॉटनंतरचं अर्धं मिनिट मात्र बारकाईने बघण्यासारखं आहे. नऊ लागतो. डोळे मॉनिटरवर चिकटतात, हात आपोआप पेलेटच्या डबीकडे जातो, बंदूक नेहमीपेक्षा लवकर वर येते, दुसरी ओळ गळते, आणि पुन्हा नऊ लागतो. म्हणजे दुसरा नऊ पहिल्याने लावला नाही, डबीकडे घाईने गेलेल्या हाताने लावला. म्हणून नियम हाताला लावा : मनाजोगता नसलेला शॉट गेला की हात डबीकडे जाण्याआधी बंदूक स्टँडवर टेकली पाहिजे. इतकंच. मन आवरायला सांगू नका, ते त्या क्षणी ऐकत नाही. हात ऐकतो.

तरीही सिरीज घसरतच असेल तर बंदूक रिकामी करून, सेफ्टी फ्लॅग लावून, रेंज ऑफिसरला सांगून लाइनवरून मागे या आणि कोचशी बोला. नियमात याला जागा आहे, पण मुलं विचारायला लाजतात. कोचने तेव्हा एकच वाक्य बोलावं, तेही पुढच्या कृतीचं. पाच मिनिटांचं प्रवचन तुमच्याच घड्याळातून जातं.

## मॅच संपल्यावर

पहिला तासभर विश्लेषण नाही. जेवा, पाणी प्या, जॅकेट वाळत घाला. त्याच संध्याकाळी वहीत चार गोष्टी : किती वेळा खाली घेतली, किती वेळा खाली घ्यायला हवी होती पण घेतली नाही, वाईट शॉटनंतर बंदूक किती वेळा टेकवली, पंचाहत्तरपैकी किती मिनिटं वापरली. स्कोअर पाचवा, तो सर्वांना माहीतच आहे. यातला सर्वांत कमकुवत आकडा ज्या टप्प्याचा, तिथून पुढचे बारा आठवडे सुरू करा. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची गरज नसते.

पालकांनी गाडीत स्कोअर सोडून काहीही बोलावं.

आणि एक फरक ओळखा. मॅचआधी पोटात गोळा येणं हे या लेखाचं काम आहे. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, रेंजच्या दाराशी श्वास कोंडतो, खेळच नव्हे तर कशातच जीव रमत नाही, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात, तर वही-घड्याळाने भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. कोचला सांगावंसं वाटत नसेल तर न सांगता फोन करा.